राष्ट्रपतींची सही, नियम १२ आणि विसरलेलं ७८ (ग)

गोदाकाठ | बुध, २६/११/२०२५ - २०:४०

आज संविधान दिन. शाळांतून, कचेऱ्यांतून उद्देशिका वाचली गेली, चांगलंच झालं. मला मात्र आज अनुच्छेद ५३ ते ७८ या पानांवर बोलायचं आहे. सहा वर्षांपूर्वी याच तारखेला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राबाबत एक आदेश दिला होता. त्या प्रकरणातला मूळ प्रश्न अजून तसाच पडून आहे.

आठवण करून देते. १२ नोव्हेंबर २०१९ ला राज्यात राष्ट्रपती राजवट लागली. २२ तारखेच्या रात्री आपण झोपलो तेव्हा ती चालू होती. २३ ला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी ती उठल्याची अधिसूचना निघाली आणि आठच्या सुमारास राजभवनात देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री, अजित पवार उपमुख्यमंत्री झाले. प्रकरण न्यायालयात गेलं. दुसऱ्याच दिवशी बहुमत चाचणी घ्या असा आदेश २६ ला आला आणि त्याच दिवशी सरकार गेलं. २८ ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे यांनी शपथ घेतली.

यात कोणता पक्ष बरोबर आणि कोणता चूक, यावर कृपया इथे भांडू नका. त्यासाठी दुसरे धागे आहेत. माझा प्रश्न एवढाच आहे: त्या रात्री केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक झालीच नव्हती, मग राष्ट्रपतींनी सही कुणाच्या सल्ल्याने केली?

उत्तर आहे भारत सरकारच्या १९६१ च्या कामकाज नियमावलीतला नियम १२. पंतप्रधानांना गरज वाटली तर एखाद्या प्रकरणात ही नियमावली बाजूला ठेवायला ते परवानगी देऊ शकतात, असा तो नियम. मग निर्णय आधी होतो आणि मंत्रिमंडळाची मंजुरी मागाहून घेतली जाते. २०१९ मध्ये तेच झालं.

आता ४४ वर्षं मागे जाऊ. २५ जून १९७५ ची रात्र. इंदिरा गांधींनी राष्ट्रपती फख्रुद्दीन अली अहमद यांना 'अतिगोपनीय' असं लिहिलेलं पत्र पाठवलं. देशाच्या सुरक्षेला अंतर्गत अशांततेपासून धोका आहे, आज रात्री मंत्रिमंडळ बोलावणं शक्य नाही, म्हणून नियम १२ चा आधार घेऊन मी नियमाला अपवाद करते आहे, सकाळी मंत्रिमंडळापुढे विषय ठेवीन, असा त्या पत्राचा आशय होता. मध्यरात्रीपूर्वी सही झाली. मंत्रिमंडळ सकाळी ६ वाजता बसलं. म्हणजे मंत्र्यांना कळलं तेव्हा देशात आणीबाणी लागून काही तास उलटले होते.

दोन्ही वेळा नियम तोच. दोन्ही घटना मी एका तागडीत तोलत नाही. १९७५ ला नागरिकांचे हक्क गेले, २०१९ ला एका राज्यातली राजवट उठली. पण राष्ट्रपतींच्या बाजूने बघितलं तर दोन्ही रात्री एकच गोष्ट घडली: समोर मंत्रिमंडळाचा निर्णय नसताना सही झाली.

आणि माझ्या मते राष्ट्रपतींच्या अधिकाराची खरी सीमा इथे आहे. आपण शाळेत शिकलो की राष्ट्रपती सल्ल्याने बांधलेले असतात. बरोबर. पण अनुच्छेद ७४ नीट वाचा. ते बांधलेले आहेत मंत्रिपरिषदेच्या सल्ल्याने, म्हणजे पंतप्रधान *ज्याचे प्रमुख आहेत* त्या मंडळाच्या सल्ल्याने. एकट्या पंतप्रधानांच्या चिठ्ठीने नाही. ही सीमा राष्ट्रपतींना अडवते तशीच पंतप्रधानांनाही अडवते, आणि आपण तिचा अर्धाच भाग लक्षात ठेवला आहे.

जनता सरकारच्या काळात ४४ वी घटनादुरुस्ती झाली (१९७८), तेव्हा १९७५ ची ही फट लोकांच्या ताज्या आठवणीत होती. म्हणून अनुच्छेद ३५२ मध्ये खंड (३) आला: मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवला गेल्याशिवाय राष्ट्रपती आणीबाणीची उद्घोषणा करणार नाहीत. साध्या नियमाने घटनेतल्या अटीला बगल देता येत नाही, त्यामुळे ३५२ पुरता नियम १२ संपला. पण ३५६ मध्ये, म्हणजे राज्यांतल्या राष्ट्रपती राजवटीच्या कलमात, ही अट कुणी घातली नाही. २०१९ ची पहाट त्याच उघड्या राहिलेल्या दारातून आली.

मग राष्ट्रपतींच्या हातात काहीच नव्हतं का? होतं. अनुच्छेद ७८ (ग). एखाद्या मंत्र्याने निर्णय घेतला असेल पण मंत्रिपरिषदेने त्यावर विचार केला नसेल, तर तो विषय मंत्रिपरिषदेपुढे ठेवा असं राष्ट्रपती सांगू शकतात आणि तसं करणं हे पंतप्रधानांचं कर्तव्य आहे. 'सही करतो, पण आधी मंत्रिमंडळ बसवा' एवढं वाक्य म्हणायचा अधिकार राष्ट्रपतींना पहिल्या दिवसापासून आहे.

तुम्हाला काय वाटतं?

कडूलिंब | बुध, २६/११/२०२५ - २१:०५

ताई, लेख आवडला, पण एवढी आशा ठेवण्यात अर्थ नाही. आपल्याकडे राष्ट्रपती हे पद मुळातच सहीपुरतं आहे. पहिले राष्ट्रपती राजेंद्रबाबू, त्यांच्यासारख्या माणसालाही काही करता आलं नाही. हिंदू कोड बिलाला त्यांचा विरोध होता, स्वतःच्या विवेकाने निर्णय घेईन असं त्यांनी १९५१ मध्ये नेहरूंना लिहिलं. नेहरूंनी कायदेपंडितांचं मत मागवलं आणि विषय संपला. पुढे ४२ व्या दुरुस्तीने (१९७६) तर सल्ल्यानुसार वागलंच पाहिजे असं थेट लिहून टाकलं. त्यानंतर काय उरतं?

अ‍ॅड. मांजराकाठ | बुध, २६/११/२०२५ - २१:४८

कडूलिंब, राजेंद्रबाबूंचा प्रसंग बरोबर सांगितलात. मत दिलं ते अ‍ॅटर्नी जनरल सेटलवाड आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी, आणि दोघांनीही राष्ट्रपती सल्ल्याबाहेर जाऊ शकत नाहीत असंच सांगितलं. मला विचाराल तर ते योग्यच झालं. निवडून आलेल्या सरकारने आणलेला स्त्रियांच्या हक्कांचा कायदा राष्ट्रपतींनी स्वतःच्या मतासाठी अडवला असता, तर आज आपण त्याला मर्यादाभंग म्हटलं असतं. राजेंद्रबाबूंच्या मनातून मात्र तो प्रश्न गेला नाही. १९६० मध्ये दिल्लीत इंडियन लॉ इन्स्टिट्यूटच्या इमारतीच्या पायाभरणीला त्यांनी राष्ट्रपतींच्या अधिकारांचा नीट अभ्यास करा असं जाहीरपणे सुचवलं होतं.

डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मसुदा मांडताना हे स्पष्ट केलं होतं: आपल्या राष्ट्रपतींचं स्थान इंग्लंडच्या राजासारखं, ते राष्ट्राचे प्रमुख, कार्यकारी सत्तेचे नव्हेत. १९७४ मध्ये शमशेर सिंग खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने तेच शिक्कामोर्तब केलं. ४२ व्या दुरुस्तीने नवीन काही दिलं नाही, जे होतं ते कागदावर आणलं.

खरी भर घातली ती ४४ व्या दुरुस्तीने, आणि ती लोक विसरतात. ७४ (१) ला परंतुक, म्हणजे 'परंतु' म्हणून जोडलेली अट, जोडलं गेलं: राष्ट्रपती सल्ल्याचा फेरविचार करा असं एकदा सांगू शकतात. फेरविचारानंतर तोच सल्ला आला तर मात्र मानावाच लागतो.

आता गोदाकाठताईंशी एक मतभेद. राष्ट्रपती राजवट *लावणं* आणि *उठवणं* यात फरक करायला हवा. लावताना निवडलेलं सरकार किंवा सभागृह बाजूला सारलं जातं, तिथे मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय हवाच. उठवताना उलट लोकनियुक्त सरकारला वाट करून दिली जाते. तिथे तातडी समजू शकते.

गोदाकाठ | बुध, २६/११/२०२५ - २२:३०

वकीलसाहेब, सविस्तर प्रतिसादाबद्दल आभारी आहे. पण लावणं आणि उठवणं हा फरक मला इथे टिकत नाही असं वाटतं. राजवट उठली की लगेच कुणालातरी सरकार बनवायला बोलावलं जाणार. म्हणजे कधी उठवायची यावर सरकार कुणाचं बनणार हे ठरू शकतं. तुम्हीच सांगा, २३ तारखेला राजवट संध्याकाळी ५ ला उठली असती तर शपथविधी सकाळी झाला असता का?

कडूलिंब, 'काय उरतं' असं विचारलंत. उरतं ते राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी दाखवून दिलं. ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेत मारामारी झाली. कल्याणसिंगांनी बहुमत सिद्ध केलं होतं, तरी गुजराल सरकारने राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली. नारायणन यांनी ती फेरविचारासाठी परत पाठवली, मंत्रिमंडळाने ती मागे घेतली. पुढच्या वर्षी सप्टेंबरात वाजपेयी सरकारने बिहारमधलं राबडीदेवींचं सरकार घालवायची शिफारस केली. तीही परत गेली आणि तेव्हा सरकार थांबलं. एकदा एका बाजूचं सरकार, एकदा दुसऱ्या, राष्ट्रपती तेच आणि कसोटीही तीच.

पुढचा भागही सांगायला हवा. फेब्रुवारी १९९९ मध्ये बिहारमधल्या दलित हत्याकांडांनंतर तीच शिफारस पुन्हा आली आणि या वेळी नारायणन यांनी सही केली, कारण आता घटनेने त्यांना दुसरी वाट ठेवली नव्हती. राज्यसभेत मंजुरी मिळणार नाही हे दिसल्यावर सरकारनेच मार्चमध्ये ती मागे घेतली. बघा, राष्ट्रपतींनी कुणावर आपलं मत लादलं नाही. वेळ दिला आणि कारण विचारलं. बाकीचं काम संसदेने केलं.

स्पर्धापरीक्षा_सातारा | गुरु, २७/११/२०२५ - ०७:१५

खूप माहितीपूर्ण धागा. राज्यसेवा मुख्य परीक्षेची तयारी करतोय. एक शंका आहे, कुणीतरी समजावून सांगा. अनुच्छेद १११ मध्ये राष्ट्रपतींना विधेयक परत पाठवता येतं आणि २०१ मध्येही येतं. मग दोन्हीत फरक काय? क्लासमध्ये 'दोन्ही सारखेच' म्हणून पुढे गेले.

अ‍ॅड. मांजराकाठ | गुरु, २७/११/२०२५ - ०९:२०

अजिबात सारखे नाहीत, आणि हा फरक महाराष्ट्राला जवळून माहीत आहे.

१११ हे संसदेच्या विधेयकांसाठी. धन विधेयक सोडून बाकी कोणतंही विधेयक राष्ट्रपती एकदा परत पाठवू शकतात. संसदेने ते पुन्हा मंजूर केलं, बदल करून किंवा न करता, तर संमती द्यावीच लागते. डॉ. कलामांचं उदाहरण लक्षात ठेव. लाभाच्या पदांबाबतचं विधेयक त्यांनी मे २००६ मध्ये परत पाठवलं, संसदेने ते जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं आणि ऑगस्टमध्ये त्यांना सही करावी लागली.

पण १११ मध्ये मुदत लिहिलेली नाही. ग्यानी झैलसिंग यांनी १९८६ चं टपाल विधेयक ना सही करून दिलं, ना परत पाठवलं. लोकांची पत्रं उघडण्याचे व्यापक अधिकार सरकारला देणारं ते विधेयक होतं. ते पुढे कधी कायदा झालं नाही आणि २००२ मध्ये मागे घेतलं गेलं. पाठ्यपुस्तकात याला खिशातला नकाराधिकार म्हणतात.

२०१ राज्याच्या विधेयकांसाठी. राज्यपालांनी विधेयक राष्ट्रपतींसाठी राखून ठेवलं की हे कलम लागतं. राष्ट्रपती ते परत पाठवू शकतात, विधिमंडळाने सहा महिन्यांत त्यावर पुन्हा विचार करायचा. आणि विधिमंडळाने पुन्हा मंजूर केलं तरी राष्ट्रपती बांधील नाहीत. हा तो फरक. संसदेपुढे राष्ट्रपतींना झुकावं लागतं, राज्याच्या विधिमंडळापुढे नाही. अर्थात इथेही निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच होतो, म्हणजे प्रत्यक्षात नकाराचा अधिकार केंद्र सरकारचा.

आपलं शक्ती विधेयक आठव. महिला आणि बालकांवरच्या अत्याचारांसाठी कठोर शिक्षा सुचवणारं ते विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं आणि राष्ट्रपतींकडे गेलं. त्याला संमती मिळाली नाही. त्यातल्या तरतुदींवर माझेही आक्षेप होते, पण दोन्ही सभागृहांचं काम वर्षानुवर्षं अडकून राहावं हे मला पटत नाही.

ताजी घडामोडही लिहून ठेव. तामिळनाडूच्या प्रकरणात दोन न्यायाधीशांच्या पीठाने ८ एप्रिल २०२५ ला राष्ट्रपतींना अशा विधेयकांवर तीन महिन्यांत निर्णय घेण्याची मुदत घातली. त्यावर राष्ट्रपती मुर्मू यांनी अनुच्छेद १४३ खाली १४ प्रश्न सर्वोच्च न्यायालयाला विचारले. सरन्यायाधीश गवई यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच जणांच्या पीठाने परवाच, २० नोव्हेंबरला, उत्तर दिलं: न्यायालय अशी मुदत ठरवू शकत नाही, मुदत उलटली म्हणून संमती मिळाली असंही मानता येणार नाही. राज्यपाल कारण न देता विधेयक रखडवत राहिले तर 'निर्णय घ्या' एवढंच न्यायालय सांगू शकतं. काय निर्णय घ्या, हे सांगणार नाही.

स्पर्धापरीक्षा_सातारा | गुरु, २७/११/२०२५ - ०९:४१

सर, मनापासून धन्यवाद. वहीत उतरवून घेतलं.

एडिसनकर | गुरु, २७/११/२०२५ - १०:०२

इकडे न्यू जर्सीत मध्यरात्र आहे, पण धागा वाचून राहवलं नाही. आमच्या शेजाऱ्यांना भारतात राष्ट्रपती आणि पंतप्रधान दोघे असतात हे समजावताना नेहमी घोळ होतो, कारण इथे सगळं उलटं आहे. इथे मंत्रिमंडळ राष्ट्राध्यक्षांचं ऐकतं. सगळे मंत्री एका बाजूला आणि राष्ट्राध्यक्ष दुसऱ्या बाजूला असले तरी निर्णय राष्ट्राध्यक्षांचाच. त्यांना आवर घालतात ते काँग्रेस आणि न्यायालय.

१९५२ चा पोलाद गिरण्यांचा खटला यातला सगळ्यात ठळक. कोरियातलं युद्ध चालू होतं, पोलाद कामगारांचा संप तोंडावर होता. ट्रुमन यांनी काँग्रेसला न विचारता गिरण्या सरकारच्या ताब्यात घेतल्या. सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की असा अधिकार ना संविधानाने दिला आहे ना कायद्याने, आणि ट्रुमन यांनी गिरण्या लगेच परत केल्या. दुसऱ्या टोकाला जुलै २०२४ चा निकाल आहे, पदाच्या गाभ्यातल्या कृतींसाठी माजी राष्ट्राध्यक्षांवर फौजदारी खटला चालवता येणार नाही असं सांगणारा. तो वाचून मी खरोखर अस्वस्थ झालो.

महाभियोगाचं म्हणाल तर इथे तीन राष्ट्राध्यक्षांवर तो चालला, ट्रम्प यांच्यावर दोनदा, आणि सिनेटने एकालाही दोषी ठरवलं नाही. भारतात आजवर एकही नाही ना?

अ‍ॅड. मांजराकाठ | गुरु, २७/११/२०२५ - ११:१०

एकही नाही. अनुच्छेद ६१. कारण एकच, 'घटनेचा भंग'. एका सभागृहाच्या किमान एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्या, १४ दिवसांची नोटीस, मग एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतांनी आरोप ठेवायचा आणि दुसऱ्या सभागृहाने चौकशी करून तेवढ्याच बहुमताने तो सिद्ध करायचा. सल्ल्याने चालणाऱ्या राष्ट्रपतींवर हे सहसा येऊच नये.

तापीकिनारा | गुरु, २७/११/२०२५ - १३:२५

माझे वडील आणीबाणीत मिसा कायद्याखाली १९ महिने स्थानबद्ध होते. आईला त्यांची पोस्टकार्डं यायची, त्यातल्या मधल्या ओळी काळ्या शाईने खोडलेल्या. ती कार्डं अजून घरात आहेत. खोडलेल्या जागी कागद इतका घासला गेला आहे की उजेडात धरलं तर पलीकडचं दिसतं. उन्हाळ्यात आंबे आले का, धाकटीचा ताप उतरला का, एवढंच आम्हाला वाचता यायचं.

वडील म्हणायचे, बाईंवर माझा राग आहेच, पण राष्ट्रपतींनी त्या रात्री एक प्रश्न तरी विचारायला हवा होता. गोदाकाठताई, तुमचा लेख वाचून ते आठवलं.

कडूलिंब | गुरु, २७/११/२०२५ - १४:१०

तापीकिनारा, तुमच्या वडिलांना नमस्कार.

तरीही मी माझा मुद्दा सोडत नाही. धरून चला, राष्ट्रपतींनी ७८ (ग) वापरलं. पुढे काय? २६ जूनच्या सकाळी ६ वाजता मंत्रिमंडळ बसलं तेव्हा त्यांनी मान्यता दिलीच ना. रात्री बोलावलं असतं तरी दिलीच असती. आणि २००५ मध्ये बिहार विधानसभा बरखास्त झाली तेव्हा तर मंत्रिमंडळाची बैठक रीतसर झाली होती, रात्री उशिरा. डॉ. कलाम मॉस्कोत होते, फॅक्सवर सही गेली. मंत्रिमंडळ असूनही पुढे सर्वोच्च न्यायालयाने ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवलीच. मग मंत्रिमंडळाच्या बैठकीने काय वाचलं?

गोदाकाठ | गुरु, २७/११/२०२५ - १६:३५

तापीकिनारा, ती कार्डं जपून ठेवा. शक्य झालं तर त्यांची छायाचित्रं काढून एखाद्या ग्रंथालयाला द्या.

कडूलिंब, तुमचा प्रश्न ह्या धाग्यातला सगळ्यात अवघड आहे, म्हणून सावकाश लिहिते.

मंत्रिमंडळाने नाही म्हटलं असतं असा माझा दावा नाही. माझं म्हणणं असं की बैठक झाली की निर्णय एका माणसाचा राहत नाही. गृहमंत्री, कायदामंत्री, संरक्षणमंत्री यांना त्या निर्णयाखाली आपलं नाव येतंय हे आधी कळतं. कुणी तरी विचारतं, बाहेरच्या आक्रमणाची आणीबाणी १९७१ पासून चालूच आहे, मग आणखी ही कशाला? असा प्रश्न सही व्हायच्या *आधी* विचारला गेला तर त्याला वजन असतं. झाल्यावर विचारला तर फक्त नोंद होते.

आणि नुसतं विचारण्याने किती होतं त्याचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचं आहे. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिली थॉमस खटल्यात सांगितलं की दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झालेला खासदार-आमदार तत्काळ अपात्र होतो. हे टाळण्यासाठी सप्टेंबरात मंत्रिमंडळाने अध्यादेश मंजूर करून राष्ट्रपती भवनात पाठवला. प्रणव मुखर्जींनी तो परत पाठवला नाही आणि त्यावर सहीही केली नाही. त्यांनी सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे, जे तेव्हा गृहमंत्री होते, आणि कायदामंत्री कपिल सिब्बल यांना बोलावून घेतलं आणि विचारलं की एवढी घाई कशासाठी. दुसऱ्या दिवशी राहुल गांधींनी पत्रकार परिषदेत त्या अध्यादेशाचा उघड निषेध केला आणि २ ऑक्टोबरला मंत्रिमंडळाने तो मागे घेतला. श्रेय कुणाला किती, यावर वाद घालता येईल. पण राष्ट्रपतींनी त्या रात्रीच सही केली असती, तर दुसऱ्या दिवशी मागे घ्यायला कागदच उरला नसता, कायदा लागू झाला असता.

२००५ चं म्हणाल तर ते उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथे मंत्रिमंडळ बसलं, पण राष्ट्रपतींनी फेरविचाराला पाठवलं नाही. निकाल ३ विरुद्ध २ असा लागला, म्हणजे प्रश्न खरोखर घासाघाशीचा होता. त्यानंतर राजीनाम्याचा विचार मनात आला होता हे डॉ. कलामांनी स्वतः लिहिलं आहे. त्या माणसाला ते लागलं होतं. सही दिल्लीत परतल्यावर करतो, एवढं सांगण्याचा अधिकार त्यांना होता.

डेक्कनवासी | गुरु, २७/११/२०२५ - १८:००

अध्यादेशाचा विषय निघाला आहे तर आमच्या पुण्याचा एक मोठा वाटा नोंदवतो. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले डॉ. डी. सी. वाधवा बिहारच्या जमिनीविषयी अभ्यास करत होते. कायदे शोधता शोधता त्यांच्या लक्षात आलं की तिथे विधिमंडळ कायदे करतच नाही, अध्यादेशच पुन्हा पुन्हा काढले जातात. १९६७ ते १९८१ या काळातले २५६ अध्यादेश त्यांनी शोधून काढले, जे अशा रीतीने वर्षानुवर्षं जिवंत ठेवले होते. एक तर जवळपास १४ वर्षं. घटनेप्रमाणे अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत अध्यादेश संपायला हवा.

वाधवा नुसता ग्रंथ लिहून थांबले नाहीत, सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९८६ च्या निकालात न्यायालयाने या प्रकाराला घटनेशी केलेली फसवणूक म्हटलं. २०१७ मध्ये सात न्यायाधीशांनी ते आणखी पक्कं केलं. प्रकरण राज्यपालांचं होतं, पण राष्ट्रपतींच्या अनुच्छेद १२३ खालच्या अध्यादेशाच्या अधिकारालाही तेच लागू. एका संशोधकाने ग्रंथालयात बसून राजपत्रं चाळली आणि देशभरातल्या राजभवनांची सवय बदलायला लावली. पुण्यात त्यांच्याविषयी अजून खूप बोललं गेलं पाहिजे.

अ‍ॅड. मांजराकाठ | गुरु, २७/११/२०२५ - २१:१५

डेक्कनवासी, वाधवांचं नाव घेतलंत, फार बरं वाटलं.

गोदाकाठताई, आता तुमच्या ७८ (ग) वर. तुमचं म्हणणं मला पटतंय, पण वकील म्हणून एक अडचण दिसते. ७८ (ग) मध्ये 'एखाद्या मंत्र्याने' घेतलेला निर्णय असं आहे. पंतप्रधान हेही मंत्रीच, म्हणून ते लागू होतं असं मी म्हणेन. पण पंतप्रधानांनी उत्तर दिलं की नियम १२ खाली केलेली कृती ही सरकारचीच कृती, तर? राष्ट्रपती न्यायालयात जाणार नाहीत. आणि ७४ (२) मुळे कोणता सल्ला दिला गेला याची चौकशी न्यायालय करत नाही. बोम्मई खटल्यात (१९९४) न्यायालयाने सल्ल्यामागची कागदपत्रं तपासण्याचा अधिकार घेतला, पण सल्ला मंत्रिमंडळात झाला की नाही हा प्रश्न तिथे नव्हता.

म्हणून राष्ट्रपतींच्या धैर्यावर विसंबण्यापेक्षा अट लिहून टाकावी हे बरं. तुमची सूचना ३५६ मध्ये ३५२ (३) सारखा खंड घालायची आहे असं मी समजतो. ही दुरुस्ती संसदेच्या विशेष बहुमताने होऊ शकते, निम्म्या राज्यांची संमती लागणार नाही, कारण ३५६ हे घटनादुरुस्तीच्या अनुच्छेद ३६८ च्या परंतुकातल्या यादीत नाही.

गोदाकाठ | गुरु, २७/११/२०२५ - २२:०५

हो, तीच सूचना आहे. माझा कच्चा मसुदा असा:

"खंड (१) किंवा खंड (२) खालील कोणतीही उद्घोषणा, केंद्रीय मंत्रिमंडळाचा त्याबाबतचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवण्यात आल्याखेरीज, काढली जाणार नाही."

खंड (२) मुद्दाम घेतला आहे. राजवट बदलणं किंवा उठवणं त्यात येतं. १९८० च्या फेब्रुवारीत शरद पवारांचं पुलोद सरकार एका फटक्यात गेलं, २०१४ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर राजवट आली, मग २०१९. महाराष्ट्राने ३५६ तीनदा अनुभवलं आहे. त्यामुळे ही मागणी महाराष्ट्रातून व्हावी असं मला वाटतं.

अ‍ॅड. मांजराकाठ | गुरु, २७/११/२०२५ - २२:४०

मसुदा चालेल. 'त्याबाबतचा' च्या जागी '३५२ (३) मध्ये दिलेल्या अर्थाने' असं घाला, नाहीतर मंत्रिमंडळाची उपसमितीही चालते असा कुणीतरी अर्थ काढील. ३५२ मध्ये पंतप्रधान आणि मंत्रिमंडळ दर्जाचे इतर मंत्री असं स्पष्ट म्हटलं आहे, तीच व्याख्या इथे यायला हवी.

आणि घटनादुरुस्तीची वाट न बघता होण्यासारखं एक काम आहे. कामकाजाची नियमावली अनुच्छेद ७७ (३) खाली राष्ट्रपतींच्याच नावाने होते. मंत्रिमंडळापुढे आणायच्या प्रकरणांची त्यात यादी आहे आणि ३५२ ते ३६० खालच्या उद्घोषणा त्या यादीत आहेतच. नियम १२ ला एक ओळ जोडायची: 'या प्रकरणांना हा नियम लागू होणार नाही.' याला संसदेचं बहुमत लागत नाही, मंत्रिमंडळाने ठरवलं की राष्ट्रपतींच्या सहीने एका अधिसूचनेत होतं. आपल्या भागातल्या खासदाराला पत्र लिहिणार असाल तर पहिली मागणी हीच करा, ३५६ ची नंतर.

तापीकिनारा | गुरु, २७/११/२०२५ - २२:५८

वकीलसाहेब, पत्राचा मसुदा मराठीत इथेच टाकाल का? आमच्या गावातून दहा-बारा सह्या मी मिळवते.